पाणी डोळ्यातलं, मूळ दातातलं: लालबागच्या एका सशाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या क्लिनिकमधलं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. माणसांची नावं घेतलेली नाहीत आणि सशाचं नाव बदललं आहे. त्याला इथे बत्तासा म्हणूया.

पार्श्वभूमी

बत्तासा चार वर्षांचा, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा नर. क्रॉफर्ड मार्केटमधून आठवीतल्या मुलीच्या हट्टापायी घरी आलेला आणि पुढे, नेहमीप्रमाणे, आजीचा झालेला. घर लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीत पिंजरा, पण दिवसभर हा घरात मोकळा.

जुलैत त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. पावसाळ्यात माणसांचे डोळे येतात तसे याचेही आले असतील, असं घरच्यांना वाटलं. आजीने आठवडाभर गुलाबपाण्याच्या बोळ्याने डोळा पुसला. मग खालच्या केमिस्टने डोळे आल्यावर देतात ते ड्रॉप्स दिले. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पाण्याऐवजी पांढरं काहीतरी येऊ लागलं. माझ्याकडे आले तेव्हा पहिल्या पाण्याला तीन आठवडे उलटून गेले होते.

एवढा उशीर का, असं विचारल्यावर आजीने दिलेलं उत्तर मी अजून विसरलेले नाही. ‘‘डॉक्टर, त्याचे डोळे लालच असतात हो. लाल झालेत हे कळणार कसं?’’

बरोबरच आहे. अशा लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशाच्या बुबुळात रंगद्रव्य नसतं, आतलं रक्त दिसतं म्हणून डोळा लाल दिसतो. त्यामुळे आजाराची लाली बाहुलीभोवती शोधून उपयोग नाही. पापणी हलकेच खाली ओढून आतलं अस्तर बघायचं आणि दोन्ही डोळ्यांची तुलना करायची. बत्ताशाच्या उजव्या पापणीचं अस्तर फिकट गुलाबी होतं, डाव्याचं डाळिंबाच्या दाण्यासारखं.

पहिली तपासणी

डोळ्याखालचे केस चिकटून त्यांची वात झाली होती. ती बाजूला केली तर गालावरची कातडी सोललेली. मी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली बोटाने हलकेच दाबलं आणि खालच्या पापणीच्या आतून टूथपेस्टसारखा पांढरा, घट्ट पू वर आला. थेंब नव्हे, चक्क दोरा.

इथे थोडी शरीररचना सांगावी लागेल. माणसाच्या डोळ्यातून अश्रू नाकात उतरायला वरच्या आणि खालच्या पापणीला एकेक छिद्र असतं. सशाला एकच, तेही खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला, कडेपासून थोडं खाली. तिथून निघालेली अश्रुनलिका वरच्या दाढांच्या मुळांजवळून जाते आणि पुढे वरच्या पटाशीच्या दाताच्या मुळापाशी वळण घेऊन अरुंद होते. सशाचे २८ दात जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. चावून झिज झाली तर ठीक. नाही झाली तर दात वर वाढतोच, शिवाय त्याचं मूळ उलट्या दिशेने हाडात रुतत जातं. मूळ नलिकेवर दाबलं की गटार तुंबतं आणि पाणी वरून वाहायला लागतं. साचलेल्या पाण्यात जंतू वाढले की पू.

म्हणजे पू दिसला त्या क्षणी दातांचा संशय घ्यायलाच हवा होता. घेतलाही. पण त्या संशयाचं मी पुढे काय केलं, ते नंतर येईल.

आधी डोळा. केमिस्टच्या ड्रॉप्सची बाटली मागवून लेबल वाचलं. अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरत नाही, उलट खोल जाते. सशाचा हा पडदा तसाही पातळ, आणि ससा पापण्या फारच कमी मिटतो, तासाभरात दहा-बारा वेळा. फ्लुओरेसिन या रंगाची नारंगी पट्टी ओली करून डोळ्याला लावली आणि निळ्या प्रकाशात पाहिलं. खालच्या आतल्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका चमकला. जखम होती.

याच रंगाने दुसरी गोष्टही तपासता येते. नलिका मोकळी असेल तर काही मिनिटांत हिरवा रंग नाकपुडीत उतरतो. उजव्या बाजूने उतरला, डावी नाकपुडी कोरडीच राहिली.

बाकीच्या शक्यता मनात होत्याच. डोळ्यामागे गळू झालं असतं तर डोळा पुढे ढकलला गेला असता. काचबिंदू असता तर डोळा मोठा आणि निळसर धुरकट दिसला असता. न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांत तो आनुवंशिकही असतो. एन्सेफॅलिटोझून नावाच्या परजीवीमुळे बुबुळावर पांढरी गाठ येते, मोतीबिंदू होतो. दोन्ही डोळे एकदम बाहेर आले असते तर मी छातीतल्या गाठीचा विचार केला असता. यातलं इथे काहीच जुळत नव्हतं.

मग वजन. मागच्या वर्षी नखं कापायला आणला होता तेव्हा २.४ किलो होता. आता २.०५. सत्तर किलोच्या माणसाने दहा किलो गमवावे तसं हे झालं. घरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण केसांत वजन लपतं.

पहिला चुकलेला प्रश्न

मी विचारलं, ‘‘गवत खातो का?’’

आजी म्हणाल्या, ‘‘खातो की.’’

मी कागदावर लिहिलं: गवत खातो. आणि पुढे गेले.

खरी हकिकत दीड महिन्याने कळली. मंदिराबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून आजी सोमवारी लसूणघासाची एक पेंढी आणत. अर्धी गाईला, अर्धी बत्ताशाला. आठवड्यातून एकदा. बाकी दिवस सकाळी दुधात न भिजवलेली पोळी (दुधाने पोट बिघडतं हे आजींना ठाऊक होतं), दुपारी गाजर, संध्याकाळी आजोबांच्या चहाबरोबर एक मारी बिस्कीट. हे सगळं खायला दाढ फारशी घासावी लागत नाही. सशाची दाढ झिजते ती आडवी घासून, तासन्‌तास गवत रवंथल्यासारखं चघळताना. आहाराचा बहुतांश भाग सुकं गवत असावा लागतो, तो याच कारणासाठी.

आता मी असं विचारतच नाही. ‘‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं, क्रमाने सांगा,’’ असं म्हणते. बिस्किटं तेव्हाच बाहेर येतात.

पहिले उपाय

स्टेरॉइडचे ड्रॉप्स त्याच दिवशी बंद केले. स्टेरॉइड नसलेले अँटिबायोटिक ड्रॉप्स दिवसातून चारदा आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. मुलीच्या बाबांनी घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप चालेल का, असं विचारलं. विचारलं हे फार बरं केलं. सशाला ते तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि दोन-चार दिवसांत ससा जाऊ शकतो. डोळ्याचं दुखणं राहतं बाजूला.

नलिका धुण्याचा प्रयत्न त्याच दिवशी केला. लहान बाळांना सलाईनसाठी लावतात ती पिवळी, २४ नंबरची कॅन्युला घ्यायची, सुई काढून टाकायची, नुसती प्लास्टिकची नळी ठेवायची. डोळ्यात सुन्न करणारा थेंब. बत्ताशाला टॉवेलात गुंडाळलं, बाळाला दुपट्यात बांधतात तसं; कारण ससा घाबरून मागच्या पायांनी जोरात झटका मारतो तेव्हा स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. मुलीने डोकं धरलं. खालची पापणी ओढली, छिद्र दिसलं, नळी आत सरकवली, कोमट सलाईन हलकेच ढकललं. सगळं त्याच छिद्रातून उलटं परत आलं. जोर केला असता तर नलिका फाटून सलाईन डोळ्यामागे गेलं असतं. थांबले.

तीन दिवसांनी पुन्हा. या वेळी तिसऱ्या सिरिंजला बत्ताशाने मान झटकली, शिंकला, आणि डाव्या नाकपुडीतून पांढरे धागे असलेलं पाणी माझ्या हातावर आलं. मुलगी ओरडलीच, ‘‘निघालं!’’ मीही तितकीच खूश झाले. नलिका मोकळी, दहाव्या दिवशी रंग लावला तर जखमही भरलेली.

इथे मी चुकले. नलिका मोकळी झाली म्हणजे ती तुंबली कशामुळे ते गेलं, असं होत नाही. डोक्याचा एक्स-रे पहिल्याच आठवड्यात काढायला हवा होता. तोंडात डोकावले होते, कानाच्या दुर्बिणीने दाढा पाहिल्या होत्या, थोडी धार दिसली होती. पण तोंडातून दाताचा फक्त माथा दिसतो, मूळ हाडात असतं. एक्स-रेसाठी भूल, दुसऱ्या सेंटरला नेणं आणि खर्च. बाबांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसत होता आणि डोळा तर बरा दिसत होता. ‘‘दोन आठवड्यांनी दाखवा, मग ठरवू,’’ असं मी म्हणाले.

दोन आठवड्यांनी गणपती होते. लालबागमध्ये त्या दिवसांत पिंजरा घेऊन खाली उतरायचं म्हणजे काय, ते मुंबईकराला सांगायला नको. टॅक्सी गल्लीच्या तोंडापर्यंतही येत नाही. वर ढोल-ताशाच्या आवाजाने बत्तासा पलंगाखाली जाऊन बसलेला. फेरी हुकली आणि मीही फोन केला नाही.

दुसरी फेरी

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी आले. पू पुन्हा सुरू, पहिल्यापेक्षा जास्त. वजन १.९ किलो. लेंड्या बारीक, मिरीएवढ्या. आता खाण्याचा क्रमवार प्रश्न विचारला आणि मारी बिस्कीट उघड झालं. आजी ओशाळल्या. खरं तर ओशाळायचं मी होतं.

पुवाचा नमुना लॅबला पाठवला आणि भुलीखाली एक्स-रे ठरवला. आणि त्या सकाळी आणखी एक घोळ. बत्तासा आदल्या रात्री दहापासून उपाशी! आमच्याच क्लिनिकची छापील चिठ्ठी त्यांना दिली गेली होती: ‘रात्री दहानंतर अन्न देऊ नये.’ ती कुत्र्या-मांजरांसाठी आहे, भुलीत उलटी होऊ नये म्हणून. ससा उलटी करूच शकत नाही. उलट त्याचं पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात आणि भुलीनंतर ठप्प होतात. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर तीच मोठी आणीबाणी. सगळं पुढे ढकललं. कोथिंबीर, मेथीची पानं, जे खाईल ते समोर ठेवलं. त्याने पहिलं पान ओढायला चाळीस मिनिटं घेतली. ती चाळीस मिनिटं मी इतर रुग्ण पाहत होते, पण लक्ष सगळं टेबलाखालच्या पिंजऱ्याकडे. त्याने नीट खाल्लं, लेंड्या टाकल्या, मग दुपारी भूल दिली.

आता सशांसाठी वेगळ्या, हिरव्या कागदावरच्या चिठ्ठ्या आहेत.

एक्स-रेमध्ये डाव्या वरच्या पटाशीच्या दाताचं मूळ मागे वाढून वाकलेलं स्पष्ट दिसलं. नलिकेत आयोडीनयुक्त द्रव सोडून काढलेल्या दुसऱ्या चित्रात दुखणं नेमकं कुठे ते कळलं: मुळापाशी नलिका धाग्याएवढी चेपलेली आणि त्याच्या अलीकडे फुगून पिशवी झालेली. दाढांचीही मुळं लांबलेली. खालच्या दाढांचे काटे जिभेकडे वळलेले, त्यांतल्या एकाने जिभेला जखम केलेली. वजन का उतरत होतं, याचं उत्तर तिथे होतं. त्याच भुलीत दाढांचे काटे मशीनच्या बरने, म्हणजे फिरत्या टोकाने, घासून काढले. कटरने तोडले तर दात उभा चिरतो, म्हणून ते टाळलं.

पर्याय

संध्याकाळी आजी, बाबा, मुलगी तिघंही बसली. बाबांनी सरळ विचारलं, ‘‘डोळाच काढून टाकला तर?’’

प्रश्न क्रूर नव्हता. त्यांच्या दृष्टीने डोळा खराब होता आणि सारखं सारखं भूल देण्यापेक्षा एकदाच काय ते करावं. पण डोळा निर्दोष होता. तो काढला तरी दात वाढतच राहणार आणि पू तिथेच साचणार. शिवाय सशाच्या डोळ्यामागे रक्ताचा मोठा शिरासमूह असतो. त्याला धक्का लागला तर रक्तस्राव आवरणं अवघड जातं. हा पर्याय मी पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय पटाशीचे दात काढण्याचा. चार वरचे (मोठ्या दोनांच्या मागे दोन छोटे लपलेले असतात) आणि दोन खालचे. समोरासमोरची झिज राहत नाही म्हणून सहाही काढावे लागतात. पटाशीशिवाय ससा चांगला जगतो, फक्त भाजी बारीक चिरून द्यावी लागते. नलिकेवरचा दाब हटण्याची खरी शक्यता यातच होती. पण लांब, वाकडं मूळ हाडात मोडण्याची भीती, लांबलेली भूल आणि समोर १.९ किलोचा, नुकताच घसरलेला ससा. दाढांचा प्रश्न तर त्यानेही सुटणार नव्हता.

तिसरा: ठरावीक अंतराने नलिका धुणं, गरजेप्रमाणे दाढा घासणं आणि जेवण मुळापासून बदलणं. यात बरं होण्याचं आश्वासन नाही, सांभाळणं आहे. आयुष्यभर.

चौथा पर्याय कुणी उच्चारला नाही, पण मी उच्चारला: काहीच न करता डोळा पुसत राहणं. पाणी स्वच्छ असेल तर तेही चालतं. पू असेल आणि ससा खात नसेल तर चालत नाही.

मुलीने विचारलं, ‘‘त्याला आत्ता दुखतंय का?’’ खरं उत्तर ‘हो’ असंच होतं. ससा शिकार होणारा प्राणी, दुखणं दाखवत नाही. फक्त कोपऱ्यात आखडून बसतो आणि दात हळू आवाजात करकरतो. त्यावर आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे हा झोपेत कुरकुर करतो असं मी म्हणायचे, ती ही?’’

तिसरा पर्याय ठरला, एका अटीवर: वजन सावरलं आणि तरी पू थांबला नाही तर दोन महिन्यांनी दुसऱ्याचा विचार. माझाही कौल तोच होता. आज हेच प्रकरण ताज्या, २.४ किलोच्या सशाचं असतं तर मी दात काढण्याकडे झुकले असते, हेही सांगून टाकते.

पुढे काय झालं

लॅबच्या अहवालात स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आला आणि त्यावर चालणारं अँटिबायोटिक, एन्रोफ्लॉक्सॅसिन, तोंडावाटे सुरू केलं. भुलीनंतरचे तीन दिवस घरच्यांनी दर तीन तासांनी सिरिंजने पातळ खाद्य भरवलं; रात्रपाळी बाबांनी केली. टिमथी नावाचं सुकं गवत ऑनलाइन मागवलं. बत्ताशाने ते आठवडाभर अंथरूण म्हणून वापरलं. मग मुलीने गवताच्या जुडीत कोथिंबिरीच्या काड्या खोचायला सुरुवात केली. काडी शोधता शोधता गवत तोंडात जाऊ लागलं. पावसाळी दमटपणात पहिलं पाकीट बुरशीने गेलं, तेव्हापासून गवत पिठाच्या पत्र्याच्या डब्यात असतं. गालाच्या ओल्या कातडीवर माशी बसून अंडी घालू नये म्हणून आजी दिवसातून दोनदा जागा कोरडी करतात, गुलाबपाण्याशिवाय.

नलिका आधी दहा दिवसांनी धुतली, मग तीन आठवड्यांनी, मग सहा. डिसेंबरात वजन २.३ झालं. दोन महिन्यांची मुदत आली आणि गेली. पू बंद होता, म्हणून दात काढण्याचं पुन्हा निघालं नाही. मार्चमध्ये दाढांचे काटे पुन्हा घासावे लागले. या वेळी तो भुलीच्या अर्धा तास आधीपर्यंत मेथी खात होता.

डोळा पूर्ण बरा झालेला नाही. डाव्या डोळ्याखाली ओली रेघ असतेच, पण ती पाण्याची, पुवाची नाही. बुबुळाच्या पडद्यावर एक धूसर डाग राहिला आहे. त्या बाजूने अचानक हात नेला तर बत्तासा दचकतो, म्हणून घरात सगळे त्याच्याकडे उजवीकडून जातात.

मी वेगळं काय केलं असतं

एक्स-रे पहिल्या आठवड्यात. खर्चाचा आकडा मी बाबांच्या चेहऱ्यावरून वाचला, तो स्पष्ट सांगून त्यांनाच ठरवू द्यायला हवं होतं. त्यांनी कदाचित ‘हो’ म्हटलं असतं. चुकलेल्या फेरीनंतर एक फोन. आणि नखं कापायला आणलेल्या धडधाकट सशाच्याही जबड्यावरून तेव्हाच बोट फिरवायला हवं होतं. खालच्या जबड्याच्या कडेला मुळं लांबली की हाडावर उंचवटे लागतात. बत्ताशाच्या जबड्याला ते होते. एक वर्ष आधी होते की नाही, हे आता कळायला मार्ग नाही, कारण तेव्हा मी हात लावलाच नव्हता. त्या दिवसाच्या नोंदीत एवढंच आहे: नखं कापली, वजन २.४, तब्येत उत्तम.